भिंतीकडच्या चौघी

घडीच्या रांगेवर पंखा लावायचा नाही, हा त्या बाइंडिंगखान्यातला सर्वांत जुना कायदा. तो मालकाच्या आजोबांनी केला, वडिलांनी पाळला आणि मालकाने त्यावर कधी विचारच केला नाही, म्हणून टिकला. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, तर कागद जागेवर राहायला हवा. वारा आला की कागद उडतो, कागद उडाला की बाई उठते, बाई उठली की गप्पा सुरू होतात, असा आजोबांचा हिशेब. त्यामुळे शिलाईच्या टेबलांवर पंखे होते, सरस वाळावा म्हणून तिथे पंखा होता, कापणीयंत्रावर तर दोन होते; आणि मागच्या भिंतीला डावा खांदा लावून एकामागे एक बसलेल्या चार घडीवाल्यांच्या डोक्यावर नुसतं छत.

मावशीचं टेबल मधोमध. शिलाईला जाण्याआधी फर्मे क्रमाने लागलेत ना, घडी सरळ आहे ना, पान उलटं नाही ना, हे बघायचं तिचं काम. सव्वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या, आणि या धंद्यात माणूस लोकांना आवडत नाही, पण लोक त्याला घाबरून असतात, यावर ती खूश होती. तिच्याजवळ एक लांबट वही असे. तिला सगळे चूकवही म्हणत. त्यात पाच रकाने: तारीख, वेळ, टेबल, चूक, कारण. घडीवाल्या पन्नास फर्म्यांचा गठ्ठा बांधला की वेळ लिहून चिठ्ठी खोवत, त्यामुळे कुठली घडी दुपारी तिरपी झाली आणि कुठली संध्याकाळी, हे मावशीला घरबसल्या सांगता आलं असतं. कारणाचा रकाना मात्र ती स्वतःच्या अकलेने भरी. ‘डुलकी’, ‘घाई’, ‘नवऱ्याशी भांडण’, आणि सर्वांत जास्त वेळा, ‘गप्पा’.

माणसांचाही तिने असाच हिशेब मांडून ठेवला होता. मालक म्हणजे चांगुलपणा भरपूर, कणा तेवढा उसना. कापणीयंत्रावरचा धारदादा म्हणजे हात सुतासारखा सरळ आणि जीभ पात्याची सख्खी बहीण. आणि घडीच्या रांगेत पहिल्या टेबलावर बसणारी तिची स्वतःची सून म्हणजे बोटांत वीज, तोंडात मूग. सूनबाई दोन वर्षांत साऱ्या रांगेच्या पुढे गेली होती. पुढच्या पहिल्या तारखेपासून तिला रांगेची मुकादम करायचं मालकाने कबूल केलं होतं. हे मावशीने कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे फक्त शेजारणीला, दूधवाल्याला आणि दोन नणंदांना.

त्यात दोन महिन्यांपूर्वी सूनबाईच्या डाव्या गालावर एक पुटकुळी उठली.

पुटकुळी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. ही मात्र बिऱ्हाड थाटून बसली. दुखेना, खाजेना, पिकेना. हळूहळू नाण्याएवढी झाली, कडा उंच, मध्ये खळगा, त्यावर खपली. नाक्यावरच्या डॉक्टरने गजकर्ण ठरवून मलम दिलं. एक नळी संपली, दुसरी संपली, जखम होती तशीच. मग दुसऱ्या टेबलावरच्या उंच बाईच्या, जिला सगळे शिडी म्हणत, तिच्या मनगटावर तसलीच जखम आली. मग तिसऱ्या टेबलावरच्या रेडिओच्या कानाच्या पाळीवर. रेडिओ म्हणजे जिचं तोंड सकाळी लागे ते सुटीलाच बंद होई ती. शेवटी चौथ्या टेबलावरच्या नवीन पोरीच्या कोपरावर.

एवढं झाल्यावर बाइंडिंगखान्यात शहाणपणाला ऊत आला. कुणी म्हणे खळीतली उंदराची लेंडी बाधली, कुणी म्हणे शाई. धारदादाचं मत पक्कं होतं. “एकीची चौघींना लागली. उद्या तेवीस जणांना लागेल. बघत बसा.” त्याने पाण्याच्या पिंपावर चौघींसाठी वेगळा पेला ठेवला, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला, आणि आपलं स्टूल घडीच्या रांगेपासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब नेलं, म्हणजे थेट मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी. काम नसेल तेव्हा तिथे तो हवा खात बसे. मंगळवारी त्याने अर्ज केला. ‘या चौघी तरी राहतील, नाहीतर आम्ही तरी.’ खाली अठरा सह्या.

मालकाने मावशीला माडीवरच्या खोलीत बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तेव्हाच बातमी वाईट आहे हे तिने ओळखलं.

“मावशी, तुम्ही घरच्यासारख्या. म्हणून आधी तुम्हाला सांगतोय.”

“घरच्यांनाच आधी बाहेर काढतात हल्ली. बोला.”

“शनिवारी दुपारी बारापर्यंत मला उत्तर द्यायचंय. अठरा माणसं उठली तर कारखाना बंद पडेल. चौघींना बरं वाटेपर्यंत घरी बसू दे.”

“आणि बरं वाटलं की?”

मालक पेपरवेट फिरवायला लागला. “मग बघू.”

मावशीला ‘मग बघू’चा अर्थ पाठ होता. रोगी म्हणून एकदा घरी बसवलेल्या बाईला त्या गल्लीतला कुठला कारखाना पुन्हा टेबल देईल? ‘रोगी’ हे नाव गालावरच्या जखमेवर लिहिलेलं नसतं, पण गल्ली ते तिथेच वाचते. मुकादमकी राहिली बाजूला, सुनेच्या हातातली हाडाची पट्टीच जाणार होती. आणि घडी घालायची ती पट्टी हातात नसली की ही बाई स्वयंपाकघरात रिकाम्या बोटांनी वर्तमानपत्राला घड्या घालते, हे मावशीने सुटीच्या दिवशी कितीदा तरी पाहिलं होतं.

“शनिवार म्हणालात ना? बाराला ना?” ती उठत म्हणाली. “मग आत्ताच कशाला तोंड पाडता? अजून चार दिवस आहेत.”

घरी सूनबाईने ऐकून घेतलं आणि भांडी घासत म्हणाली, “आई, मीच उद्या सोडते. काढून टाकली म्हणण्यापेक्षा सोडली म्हटलेलं बरं.”

“हो, आणि मी लोकांना काय सांगू? सून शहाणी होती, हाकलायच्या आधीच पळाली?”

“मग काय करू? तुम्हीच सांगा. तुमच्या त्या वहीत काही औषध आहे का?”

 सून दोन वर्षांत पहिल्यांदा उलटून बोलली होती आणि मावशीला त्याचं बरं वाटलं होतं, पण हे सुनेला कळू देण्यात अर्थ नव्हता.

बुधवारी सकाळी तिने चौघींना घेऊन सरकारी दवाखाना गाठला. चामडीच्या रोगांच्या खोलीबाहेर लांब बाक होता. समोर नळ होता, आणि एका पोराने नळ सोडल्यावर पाणी उडालं तेव्हा चौघी एकदम वळल्या. वळल्या त्या एकाच बाजूला, आणि चारही जखमा मावशीच्या बाजूला आल्या. गाल, मनगट, कानाची पाळी, कोपर. सगळ्या डाव्या.

मावशीचा जन्म गेला होता ओळीत एकसारखं आणि ओळीत वेगळं काय ते बघण्यात. एक पान चुकलं तर तो अपघात. चार पानं एकाच बाजूला चुकली, तर चूक हाताची नसते, यंत्राची असते.

आत डॉक्टरीणबाई होत्या. वयाने सूनबाईएवढ्या, डोळ्यांखाली रात्रपाळी. त्या “गजकर्ण” म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मावशी म्हणाली, “बाई, एकीचं बघू नका. चौघींना शेजारी शेजारी उभं करून बघा.”

बाईंनी बघितलं. मग पेन खाली ठेवलं. मग उठून बघितलं. जखमेची कड चिमटीत धरून त्यांनी पात्याने हलकेच खरवडलं, काचेवर पसरलं आणि शेजारच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा झोप उडालेली होती.

“हे गजकर्ण नाही. मलमाने जाणारही नाही. चामडीत एक डोळ्यांना न दिसणारा जीव शिरलाय, आणि तो वाळूमाशीच्या चाव्यातून शिरतो. आमच्याकडे या भागात याची एकही नोंद नाही. तुम्ही चौघी एकत्र कुठे गेला होता का? राहता कुठे?”

चौघी शहराच्या चार टोकांना राहत होत्या. एकत्र होत्या त्या फक्त भिंतीपाशी.

“म्हणजे लागणीचं नाही?” मावशीने विचारलं.

“बाईकडून बाईला? नाही. हात लावा, एका ताटात जेवा. माशी चावल्याशिवाय नाही. आणि बरं होतं. जखमेत दर आठवड्याला इंजेक्शन द्यायचं, काही आठवडे.”

रेडिओ म्हणाली, “पण बाई, माशी चावली तर कळणार नाही का? आवाज नको?”

“हीच तर गोची आहे. तिचा आवाज नसतो. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसाळ, पंख उभे धरून बसते. तिन्हीसांजेला निघते. धड उडतासुद्धा येत नाही, उड्या मारत येते. साधा वारा असला तर टिकत नाही. ओलसर कचरा, भिंतीच्या भेगा, दगडमातीचा ढीग, अशा ठिकाणी वाढते. आणि चावल्यापासून जखम उठेपर्यंत आठवडे जातात, कधी महिने. म्हणून कुणाला काही आठवत नाही.”

साधा वारा असला तर टिकत नाही, हे मावशीने मनातल्या मनात परत एकदा म्हटलं.

“बाई, हे कागदावर लिहून द्या. शनिवारच्या आत.”

“रोगाचं लिहून देते. पण तुमच्या कारखान्यात माशी आहे, हे मी कशी लिहू? किडे बघणारा आमच्याकडे एकच माणूस आहे, आणि त्याची यादी तीन आठवड्यांची.”

“तो येऊन करतो काय?”

“कागदाला एरंडेल लावतो. संध्याकाळी भिंतीशी टांगतो. सकाळी चिकटलेल्या मोजतो.”

मावशीने चौघींकडे बघितलं. चौघींनी मावशीकडे बघितलं. “बाई,” मावशी म्हणाली, “कागद टांगायला आणि मोजायला आम्हाला तीन आठवडे लागले, तर आम्ही धंदा सोडून देऊ.”

त्या संध्याकाळी घरी तिने चूकवही उघडली. बरंच मागे जाऊन ती पुढे पुढे चाळत गेली. तिरप्या घड्या भिंतीकडच्या रांगेत आठवड्याला दोन, फार तर तीन, वर्षानुवर्षं. आणि मग साडेतीन महिन्यांमागे, एका आठवड्यात अकरा. पुढच्यात नऊ. मग चौदा. सगळ्या संध्याकाळी सहा ते सातमधल्या गठ्ठ्यांच्या. सहाच्या आधी एक नाही. शिलाईकडे काही वाढ नाही, सरसाकडे नाही.

“सूनबाई, इकडे ये. संध्याकाळी सहानंतर घडी तिरपी का जायची गं तुमची?”

“आता आठवतंय होय? तेव्हा तुम्ही ओरडलात.”

“म्हणून तर विचारतेय.”

सूनबाईने हात पुसले. “काहीतरी टोचायचं. मुंगी चावल्यासारखं. हात झटकला की पट्टी सरकायची. दिसायचं तर काहीच नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, काम टाळायची कारणं.”

मावशीने वही तिच्यापुढे सरकवली. कारणाच्या रकान्यात साडेतीन महिने, आठवड्यामागून आठवडे, मावशीच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता: ‘गप्पा’, ‘गप्पा’, ‘गप्पा’.

सव्वीस वर्षांत तिने तपासणीत चूक केली नव्हती, असं ती सांगत असे. तिने पेन काढलं. एकेक ‘गप्पा’ खोडून शेजारी ‘माशी’ लिहायला बराच वेळ लागला, आणि सूनबाई शेजारी बसून तिला ओळ दाखवत राहिली. मध्ये एकदाच म्हणाली, “आई, ही नका खोडू. त्या दिवशी खरंच गप्पा होत्या.”

गुरुवारी पाचच्या सुमाराला मावशीने एरंडेलाची बाटली आणि चोवीस कोरे कागद काढले. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात आकडा, जसा फर्म्यावर असतो तसा. आठ भिंतीकडच्या रांगेत, आठ शिलाईच्या टेबलांच्या बाजूने, सात कापणीयंत्राच्या आसपास. सूनबाई खळीच्या ब्रशने तेल लावत होती, शिडीला शिडी लागत नव्हती, रेडिओ सगळ्यांना बातम्या सांगत होती.

धारदादा मागच्या दारातून म्हणाला, “काय मावशी, भिंतीला मालिश? बाळंत झाली का भिंत?”

“झाली. पोरं कुणावर गेलीत ते उद्या कळेल.” ती चोविसावा कागद घेऊन त्याच्यापाशी गेली. “पाय उचला. तुमच्या स्टुलामागे पण एक.”

“माझ्यामागे कशाला? मी ठणठणीत आहे.” असं म्हणत त्याने मानेवर चापट मारली आणि तळहात बघितला. तळहातावर काहीच नव्हतं.

मावशीने ते बघितलं आणि मनात लिहून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी कारखाना उघडायच्या आधी तिने सगळे कागद उतरवले. डास होते, चिलटं होती, एक पतंग होता. आणि तांदळाच्या कणीहून लहान, मातकट रंगाचे, पंख उभे धरून मेलेले काही जीव होते. चूक शोधायचं भिंग लावून ती बघत गेली, उलटा फर्मा हाती लागल्यावर बघत असे तशी. पण किडे ओळखणारी ती नव्हती. तिने मधे कोरे पुठ्ठे घालून कागद डब्यात रचले, आकड्यांच्या क्रमाने, आणि डबा मांडीवर घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी डबा किड्यांच्या माणसाकडे नेला. तो टक्कल पडलेला, कंटाळलेला गृहस्थ होता, आणि त्याचा चेहरा एरंडेल लावणाऱ्यापेक्षा पिणाऱ्याचा वाटे. पहिला कागद त्याने सूक्ष्मदर्शकाखाली घातला. दुसरा घातला. सातव्या कागदाला तो उभा राहिला.

“हे आकडे कुणी टाकले?”

“मी,” मावशी म्हणाली. “चुकलं का?”

“अहो, मी वीस वर्षं हेच सांगतोय माणसांना, कागदाला नंबर टाका, कुठे लावला लिहा. कुणी ऐकत नाही!” त्याच्या कंटाळलेल्या चेहऱ्यावर तजेला आला होता. “भिंतीकडचे आठ. मिळून त्रेसष्ट. पंख्याखालच्या शिलाईच्या आठांवर किती, माहीत आहे? एक. एकच! आणि हा चोवीस नंबर कुठला?”

“तो मागच्या दारातला. स्टुलामागचा.”

“एकट्यावर एकतीस. त्या दाराबाहेर काय आहे?”

मावशीने सांगितलं. मागचं जुनं गोदाम पाच महिन्यांमागे पाडलं होतं, त्याच्या विटा-मातीचा ढीग तसाच पडून होता.

“उद्या मी येतो,” तो म्हणाला. “यादी गेली खड्ड्यात.”

शनिवारी साडेदहाला सगळे शिलाईच्या टेबलांभोवती जमले होते. एका बाजूला अठरा. दुसऱ्या बाजूला चौघी, पिशव्या खांद्याला, न जाणो. मालक मध्ये, दोन्हीकडून सारख्याच अंतरावर; हे मात्र त्याने फूटपट्टीने मोजल्यासारखं जमवलं होतं. धारदादा म्हणाला, “साहेब, बाराची वाट कशाला? लोकांची कामं अडलीत.”

तेवढ्यात दवाखान्याची गाडी दारात थांबली आणि किड्यांचा माणूस सूक्ष्मदर्शक कडेवर घेऊन आत आला, मागे डॉक्टरीणबाई, मागे मावशी डबा घेऊन. मालकाने तिघांकडे बघून आधी घड्याळ आणि मग छत बघितलं. मावशीने डॉक्टरीणबाईंचा शिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “मोठ्याने वाचा साहेब. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”

मालकाने वाचलं. सुरुवातीला तोंडातल्या तोंडात, आणि ‘एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला संसर्ग होत नाही’ या ओळीपाशी आवाज आपोआप मोठा झाला. कारण ती ओळ त्यालाही सोडवत होती. मग मावशीने चूकवही उघडली आणि साडेतीन महिन्यांच्या संध्याकाळी ओळीने वाचून दाखवल्या. “या घड्यांना मी गप्पा म्हटलं. ती माझी चूक. चौघींना माशी चावत होती आणि मी वर त्यांना बोलत होते.” सव्वीस वर्षांत मावशीच्या तोंडून ‘माझी चूक’ कुणी ऐकलं नव्हतं. सरसवाला ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला.

“पण चौघींनाच का?” धारदादा म्हणाला. “माशीला काय यांची नावं पाठ होती?”

“पंखा,” किड्यांचा माणूस म्हणाला. “तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावर पंखा आहे. यांच्या नाही. भिंतीला भेगा, भेगांत माशी, आणि भिंतीकडे डावा हात. आता ते मागचं दार उघडा.”

सगळी वरात दाराबाहेर गेली. त्याने काठीने विटांचा ढीग उकरला. वर विटा आणि माती; पण खाली, कारखान्याच्या भिंतीला लागून, कंबरभर उंच, ओला, काळपट, कुजलेला कागद. पुस्तकं कापताना कडेच्या ज्या पट्ट्या पडतात, त्यांचा गठ्ठाच गठ्ठा.

“अंडी घालायला याहून चांगलं प्रसूतिगृह मला पैसे देऊन बांधता आलं नसतं,” तो म्हणाला. “हे कुणी टाकलं?”

 सतरा माना एकदम एकाच दिशेला वळल्या. कातरण गाडीत भरून पुढच्या दाराने न्यायची असते. ढीग पडल्यापासून धारदादाला मागचं दार जवळ पडायला लागलं होतं.

“कागदच तर आहे,” धारदादा म्हणाला. “कागदाला काय विष असतं?” मग त्याला स्टूल आठवलं, चोविसावा कागद आठवला. हात मानेकडे गेला. “मला… मला चावली असेल का हो?”

“एकतीस तर कागदाला चिकटल्या. तुम्ही कागदापेक्षा मऊ आहात.”

“मग मला होणार?”

“सांगता येत नाही. दोन-तीन महिने वाट बघा.”

“घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुटकुळी उठली तर लगेच या. लवकर आलात तर लवकर बरे व्हाल.”

रेडिओने संधी सोडणं शक्यच नव्हतं. “दादा, लाल दोऱ्याचा पेला तुमच्यासाठी ठेवू का? आम्हाला चौघींना पुरायचा, तुम्हाला एकट्याला सढळ होईल.”

आधी सरसवाला हसला. मग शिलाईच्या बायका. मग मालकसुद्धा, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं की आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते ठरून गेलंय. त्याने खिशातून अर्ज काढला. “यातलं नाव कुणाला खोडायचंय?”

पेनासाठी रांग लागली. शिलाईतली सर्वांत वयस्क बाई सही खोडता खोडता शिडीला म्हणाली, “रागावू नकोस गं. आम्ही घाबरलो होतो.” शिडी म्हणाली, “आम्ही तरी काय करत होतो, नाचत होतो?” सतरा सह्या गेल्या. अठरावी उरली. धारदादाने पेन घेतलं, आणि ज्या हाताने तो हजार पानं केसाच्या अंतराने कापत असे, त्या हाताने काढलेली रेघ वाकडी आली. मावशीने बघितलं. तिने वही मिटली. सगळ्याच चुका वहीत चढवायच्या नसतात.

किड्यांच्या माणसाने पुढचं सांगितलं: दुपारी फवारणी, सोमवारी ढीग उचलायचा, भेगा लिंपायच्या, आणि घडीच्या रांगेवर पंखा, आजच्या आज. मालकाच्या तोंडावर आजोबा उतरले. “पण कागद उडेल.”

सूनबाईने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. सरसाकडचा उभा पंखा स्वतःच ओढत आणला, भिंतीच्या कडेने वारा जाईल असा लावला, कापणीयंत्राची चार बाद पाती उचलली आणि गठ्ठ्यांवर ठेवली. मग बसली. पट्टी घेतली. कागद, अर्ध्यात घडी, पट्टी फिरवली, पुन्हा घडी, पुन्हा पट्टी. पात्याखालचा कोपरा तेवढा फडफडत होता. कागद हलला नाही. मालकाच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. फर्मे मोजायची गरज नव्हती, ढीग दिसत होता.

“ठीक,” मालक म्हणाला. “चौघींनी सोमवारपासून यायचं. इंजेक्शनच्या दिवशी सकाळची सुट्टी.”

सूनबाईने मान वर केली. गालावरची जखम उजेडात आली. तिने तोंड वळवलं नाही. “सोमवार कशाला? आज दुपारी फवारणी, तोवर दीड तास आहे. सातशे फर्मे पडलेत. आणि साहेब, पहिल्या तारखेचं काय?”

“कसलं?”

“मुकादमकीचं.”

मालकाने मावशीकडे बघितलं. मावशी भिंग पुसत होती. तिला जणू यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

“आजपासूनच घ्या,” मालक म्हणाला.

शिडी, रेडिओ आणि नवीन पोरगी आपापल्या जागी बसल्या. किड्यांचा माणूस दारात मावशीला विचारत होता की पलीकडच्या छापखान्यात आणि त्यापुढच्या दोन गोदामांतही कागद लावायचे आहेत, तुम्ही येऊन नंबर टाकाल का. आणि मावशी, नाही म्हणायचं ठरवून, कुठल्या दिवशी ते विचारत होती. आत पट्ट्यांचा तो करकर आवाज सुरू झाला, एक, मग चार, एका तालात.

धारदादा मधोमध उभा होता, काय करावं ते न सुचून.

“दादा,” नवी मुकादम कागदावरून डोळे न उचलता म्हणाली, “उभे काय? छापखान्याकडून आलेला तो गठ्ठा आणा इकडे. आणि तिकडून नको, माझ्या डाव्या हाताशी ठेवा.”

धारदादाने गठ्ठा उचलला आणि तिच्या डाव्या हाताशी नेऊन ठेवला.